सिस्टरचं ऐकणं

कानांवर हेडफोन चढवला की सिस्टरला स्वतःचा आवाज ऐकू येत नसे, आणि उरलेल्या शहागडला तो स्पष्ट ऐकू येत असे. आमच्या नेट कॅफेच्या चौथ्या केबिनमधून एकदम आरोळी यायची, "ही इज लेट बिकॉज ऑफ ट्रॅफिक!" शेजारच्या केबिनमध्ये निकाल बघायला आलेला माणूस दचकून उठायचा. बाहेर हायवेवर ट्रक हॉर्न देत असायचे, आत कॉम्प्युटरमधला कुणी इंग्रज आपल्याला उशीर का झाला ते सांगत असायचा, आणि सिस्टर दोघांच्याही वर आवाज काढून त्याची अडचण गावाला कळवायच्या.

दोन हजार सालानंतरचे ते दिवस. गावात इंटरनेट नवीनच होतं. वडिलांनी हायवेलगतच्या गाळ्यात चार कॉम्प्युटर मांडले होते आणि मध्ये प्लायवूडच्या भिंती उभ्या केल्या होत्या. मी जालन्याला मामांकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले होते आणि आता बाहेरून बी.ए. करत काउंटरवर बसायचे. बसायचे म्हणजे रजिस्टरात नाव लिहून घ्यायचे आणि होता होईल तो कुणाशी बोलायचे नाही. शाळेतल्या मुली माझ्या इंग्रजीच्या गावठी वळणाला हसायच्या, गावातल्या चुलतबहिणी 'आल्या आमच्या मेमसाहेब' म्हणून हसायच्या. त्यामुळे दोन्ही भाषांमध्ये गप्प कसं बसायचं हे मी नीट शिकून घेतलं होतं.

सिस्टर मूळच्या कुंभार पिंपळगावच्या. आमच्या गावातल्या एका खाजगी दवाखान्यात त्या पंधरा-सोळा वर्षं नर्स होत्या, आणि तितकीच वर्षं टेम्पररी होत्या. नवरा लवकर गेला होता, मुलगी आजीजवळ शिकत होती. आखाती देशातल्या एका मोठ्या हॉस्पिटलला नर्सेस हव्या आहेत, कायमची नोकरी आहे, असं त्यांना एका एजंटाकडून समजलं. अटी दोन. वय चाळिशीच्या आत, आणि फोनवरच्या मुलाखतीत निभावेल इतकं इंग्रजी. सिस्टरला चाळिसावं लागलं होतं.

"एजंट म्हणतो लेव्हल अप्पर इंटरमिजिएट पाहिजे," पहिल्या दिवशी त्यांनी मला सांगितलं. "म्हणजे रेल्वेतल्या अप्पर बर्थसारखं दिसतंय. चढायला अवघड, पण एकदा चढलं की निवांत. तेवढं मला ते शोधून दे पोरी."

मी त्यांना दोन वेबसाइट काढून दिल्या. एकीवर व्याकरणाचे सराव होते, दुसरीवर ऐकायची रेकॉर्डिंग आणि त्याखाली दहा-दहा प्रश्न. दिवसपाळी संपली की सिस्टर थेट कॅफेत येत. नेट इतकं हळू होतं, की तीन मिनिटांचं संभाषण उतरायला वीस मिनिटं लागायची. दुसरं कुणी वैतागलं असतं. सिस्टर रेकॉर्डिंग चालू करून थांबवून ठेवत, किती उतरलं ते दाखवणारी करडी पट्टी भरेपर्यंत दुसऱ्या खिडकीत व्याकरणाची वाक्यं सोडवत, आणि मधूनमधून पट्टी किती भरली ते सलाइनच्या बाटलीकडे बघावं तसं बघत. पट्टी अर्ध्यात अडली की मला हाक मारत, "बोलता बोलता थांबलं बघ हे. आता पुढं काय म्हणणार सांगू का?" आणि सांगत. पुष्कळदा बरोबर निघायचं.

व्याकरणाचं त्यांना भय नव्हतं. दवाखान्यात ज्याचा उपयोग सापडेल ते त्यांना लगेच समजायचं. पॅसिव्ह व्हॉइस शिकताना त्या हसायलाच लागल्या. "म्हणजे काम झालं, पण कुणी केलं ते सांगायचं न्हाई. अगं, आमच्याकडं काही चुकलं की सगळा स्टाफ पॅसिव्हमध्येच बोलतो!" तिसऱ्या प्रकारच्या कंडिशनलवर मी शाळेत महिनाभर अडले होते. सिस्टर म्हणाल्या, "आधी आणलं असतं तर वाचला असता. हे तर वॉर्डाबाहेर नातेवाईक रोज बोलतात. त्याला एवढं मोठं नाव कशाला?"

एकदा त्यांनी हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवला. "तू इंग्लिश मीडियमची, तुला दहापैकी दहा पडायला पाहिजेत." एक माणूस मित्राला आपल्या नव्या नोकरीबद्दल सांगत होता. त्याला कसं वाटतंय, असा प्रश्न होता. तो माणूस स्वच्छ शब्दांत आय ॲम फाइन म्हणाला होता, म्हणून मी 'आनंदी' निवडलं. चूक आलं. सिस्टरनी आधीच 'काळजीत' निवडून ठेवलं होतं.

"तीनदा म्हणाला ना तो, फाइन फाइन? ज्याला काही झालेलं नसतं तो एकदाच म्हणतो. सोळा वर्षं पेशंटचं 'काही न्हाई झालं' ऐकून राह्यले मी."

मला सहा पडले, त्यांना आठ. शब्द मला सगळे येत होते. मी माणसाचं ऐकलंच नव्हतं. त्या दिवसापासून मी काउंटर सोडून त्यांच्या मागे स्टूल घेऊन बसायला लागले. बोलत मात्र फारशी नव्हते.

सिस्टरची दवाखान्यातली एक शिस्त सगळ्या गावाला माहीत होती. गोळ्या दिल्या की त्या पेशंटला सोडत नसत. "आता तुम्ही सांगा बरं, मी काय सांगितलं?" म्हातारे चिडायचे. "सांगितलं न्हवं का एकदा?" "मी सांगितलं. तुम्ही ऐकलं का, ते बघून राह्यले." 'हो' म्हणणाऱ्यावर त्यांचा विश्वास नसे. मान डोलवणाऱ्यावर तर बिलकुल नसे. माझ्या वडिलांनाही त्यांनी मधुमेहाच्या गोळ्यांचं असंच दोनदा म्हणायला लावलं होतं.

पहिली मुलाखत पावसाळ्याच्या सुरुवातीला झाली. दवाखान्यात शांतता मिळायची नाही, म्हणून फोन आमच्या कॅफेत घ्यायचं ठरलं. वडिलांनी सकाळी दोन तास गिऱ्हाईक बंद ठेवलं. सिस्टर इस्त्रीची पांढरी साडी नेसून आल्या. "फोनवर साडी दिसती का?" वडील म्हणाले. "मला दिसती ना भाऊ," सिस्टर म्हणाल्या. मोबाइल वाजला, त्या चौथ्या केबिनमध्ये गेल्या आणि मी प्लायवूडच्या अलीकडे कान देऊन बसले.

पहिली दोन उत्तरं छान गेली. नाव, शिक्षण, अनुभव. मग आवाज बारीक होत गेला. "येस सर." थोडा वेळ शांत. "येस सर." पुन्हा शांत. "येस, येस सर." मी बोटांवर मोजत होते, अकरावर मोजायचं सोडलं. बाहेर येताना सिस्टरच्या कपाळावर घाम होता. "बोलला तो. लई बोलला," एवढंच म्हणाल्या.

आठवड्याने ईमेल आला. तो त्यांना वाचून दाखवायचं काम माझ्यावर आलं. उमेदवाराने डायलिसिस विभागात काम केल्याचं मान्य केलं, त्यानंतर असं काम कधीच केलं नसल्याचंही मान्य केलं, असं त्यात लिहिलं होतं. उमेदवाराला प्रश्न समजत नसावेत. इच्छा असल्यास तीन महिन्यांनी पुन्हा एकदा मुलाखत देता येईल. मी शक्य तितक्या हळू आवाजात वाचलं.

सिस्टरनी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटून बघितली. तीन महिन्यांनी म्हणजे चाळिशीला जेमतेम काही आठवडे उरणार होते. ही दुसरी संधी हुकली की तिसरी नव्हती.

"येवढा मोठा साहेब," त्या म्हणाल्या. "त्याला कळलं न्हाई म्हणायची लाज वाटली गं."

माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे. "पण सिस्टर, तुम्ही तर पेशंटना हो म्हणू देत नाही."

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मला वाटलं, आता रागावणार. त्या म्हणाल्या, "अगं, ह्या कॉम्प्युटरमधल्या माणसाला न्हाई कळलं तर मी मागचं बटण दाबते. चार-चारदा दाबते, तो कुरकुर करत न्हाई. साहेबाला बटण कुठंय?"

खरी अडचण ती होती. रेकॉर्डिंग ऐकून ऐकून सिस्टरचा कान तयार झाला होता, पण समोरच्याला थांबवायची सवय काही लागली नव्हती. तसं आमच्याकडे ती कुणालाच नसते. साहेब बोलला की मान डोलवायची, मास्तर बोलले की मान डोलवायची, आणि घरी येऊन एकमेकांना विचारायचं, काय म्हणले हो ते?

वडील काउंटरवरून ऐकत होते. "हिच्याशी बोलत जा की सिस्टर," ते म्हणाले. "एवढी शाळा शिकवली, घरात एक शब्द बोलत न्हाई. तुमच्या निमित्ताने तरी तोंड उघडंल."

मी नाही म्हणाले. गिऱ्हाइकांच्या देखत मोठ्याने इंग्रजी बोलणं मला जमणार नव्हतं. सिस्टरनी हट्ट केला नाही. "तोंड नको दाखवू," म्हणाल्या. "तू तिसरीत बस, मी चौथीत. भिंत हाये मधी. फोनवर तरी कुठं तोंड दिसतं?"

तसं आम्ही सुरू केलं. मी वेबसाइटवरच्या मुलाखतीचे प्रश्न समोर ठेवून वाचायचे. सिस्टरनी सांगितलं होतं, भरभर वाच, मधले शब्द खा, साहेबासारखं बोल. पहिल्या दिवशी मी इतक्या बारीक आवाजात वाचलं, की सिस्टरना काहीच ऐकू आलं नाही, आणि तरीही भिंतीपलीकडून उत्तर आलं, "येस मॅडम." आम्ही दोघी एकदम हसलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निश्चय करून मला अडवलं. "व्हॉट? अगेन!" आवाज असा, की जणू मी गोळी चुकवलेला पेशंट आहे. मी वाचायचं थांबवलं.

"का गं, चुकलं का?"

"चुकलं नाही. साहेब फोन ठेवून देईल."

मग आम्ही वेबसाइटवर धुंडाळून अडवण्याची सभ्य वाक्यं काढली. सॉरी, आय डिडन्ट कॅच दॅट. कुड यू से इट मोअर स्लोली, प्लीज? डू यू मीन असं असं? सिस्टरनी ती औषधांच्या चिठ्ठीच्या मागे लिहून काढली. मी रोज नवी अडचण काढायचे. घास तोंडात ठेवून बोलायचे, मध्येच खोकायचे, दोन प्रश्न एकात कोंबायचे. माझा आवाज वाढत होता हे माझ्या लक्षातच आलं नाही. एका दुपारी दुसऱ्या केबिनमधला गृहस्थ उठून म्हणाला, "मॅडम, जरा हळू, मला घरी पत्र लिहायचंय." मॅडम म्हणजे मी. तो हसत नव्हता. मी सॉरी म्हटलं आणि पुढचा प्रश्न तसाच वाचला.

दुसरी मुलाखत दसऱ्याच्या आधी झाली. या वेळी सिस्टर ड्यूटीवरून तशाच आल्या, हाताला स्पिरिटचा वास. मी भिंतीच्या अलीकडे. फोनवरचा प्रश्न मला ऐकू येत नव्हता, पण सिस्टरचं गप्प होणं ऐकू आलं. मला वाटलं, आता येस सर येणार.

"सॉरी सर," सिस्टर म्हणाल्या. "आय डिडन्ट कॅच दॅट. कुड यू से इट मोअर स्लोली?"

मग त्या थांबल्याच नाहीत. चारदा विचारलं. एकदा तर साहेबाचा अख्खा प्रश्न त्यालाच परत सांगितला आणि म्हणाल्या, "इज दॅट राइट?" डायलिसिसचं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "नो सर. नेव्हर. बट आय कॅन लर्न." त्याच वेळी बाहेर एका ट्रकने असा हॉर्न दिला, की प्लायवूड थरथरलं. साहेबाने काहीतरी विचारलं असावं. सिस्टर म्हणाल्या, "हायवे, सर. नो सर, नॉट ऑन द हायवे! बिसाइड." आणि फोनवरचं हसणं मला भिंतीच्या अलीकडेही ऐकू आलं.

निवडीचा ईमेल आला तेव्हा सिस्टरनी मला वाचू दिला नाही. चष्मा लावून, बोट ठेवून, स्वतः मोठ्याने वाचला. संपल्यावर पुन्हा वाचला. वडिलांनी पेढे मागवले आणि सिस्टरनी त्यांना अर्ध्या पेढ्यावर थांबवलं.

निघायच्या दिवशी स्टँडवर दवाखान्यातला स्टाफ आणि निम्मं गाव आलं होतं. मुलगी बॅगेवर बसून डोळे पुसत होती. सिस्टरची आई काळजीने विचारत होती, "तिकडं बोलत्यात कशात?"

"इंग्रजीत."

"मंग तुला समदं कळंल का?"

"समदं न्हाई कळायचं आई," सिस्टर म्हणाल्या. "न्हाई कळलं तर इचारीन."

बस हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून माझा हात दाबला. गाडी गोदावरीच्या पुलाकडे वळेपर्यंत मी तिथेच उभी होते.

पुढच्या सोमवारी कॅफेच्या दारात दोन मुली दिसल्या. सिस्टरच्याच दवाखान्यात नव्याने लागलेल्या. एकमेकींना पुढे ढकलत होत्या, चपला काढायच्या की नाही ते त्यांना ठरवता येत नव्हतं. शेवटी एकीने धीर करून विचारलं, "इथं इंग्रजी ऐकायला शिकवतात म्हणे. कोण शिकवतं?"

वडील काउंटरवरच होते. ते माझ्याकडे बघत होते.

"मी," मी म्हणाले आणि तिसऱ्या केबिनमधली माझी खुर्ची ओढून भिंतीपलीकडे चौथ्या केबिनमध्ये नेली.