लॉक तुटला त्या संध्याकाळी

ड्रॉवर आवरताना आईचा पहिला स्मार्टफोन सापडला. मागे हळदीचा डाग अजून आहे.

दादाने अमेरिकेहून तो कुणाच्या तरी सामानातून मुलुंडला पाठवला होता. तिथल्या कंपनीचा लॉक असल्याने आपलं सिम चालेना. शेजारचा नीलेश म्हणाला, "टेन्शन नको काकू. ब्राउझरमध्ये एक साइट उघडायची, बोट सरकवायचं, लॉक तुटला!"

त्याने बोट सरकवलं. फोन तापला, अडकला आणि शेवटी सगळं पुसून कोरा चालू झाला. रेंज दिसताच आम्ही टाळ्या वाजवल्या. आई फोडणी टाकून धावत आली. पहिला फोन दादाचाच आला, म्हणून नीलेशने स्पीकर लावला.

"आई, तुझ्यासाठी फोनमध्ये बोलून ठेवलं होतं. थेट सांगायचा धीर झाला नसता गं. ऐकलंस ना?"

नीलेशचा चेहरा पडला. आईने त्याच्याकडे पाहिलं. त्याला ओशाळं वाटू नये म्हणून म्हणाली, "ऐकलं रे."

"मग, चालेल तुला?"

"तू खूश ना? मग मला चालेल."

दादा कायमचा तिकडे राहिला. आजही व्हिडिओ कॉलवर सगळ्यांना सांगतो, "आईला विचारूनच राहिलो मी इथे."

आई मान डोलावते.