पेठचा मास्तरबावा

हसणार नसाल तर सांगतो. चहा होईपर्यंत माझे गुडघेही जरा मोकळे होतील. कालच पेठहून उतरलोय, आणि तिथं मी का जातो ते विचारलंत म्हणून हा सगळा खटाटोप! माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो म्हणतात ना? मी त्या धोंड्याला शेंदूरही फासलाय.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. मी कर्जतजवळच्या मराठी शाळेत असिस्टंट मास्तर. पेणला हेडमास्तरची जागा रिकामी झाली होती, आणि ती कोणाला मिळणार हे शाळा तपासायला येणाऱ्या दिपोटीसाहेबांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. चौदा वर्षं असिस्टंट राहून मी विटलो होतो हो! ती जागा मला हवीच होती.

साहेबांना जुन्या दगडांचं भारी वेड. देवळाचा फुटका खांब दिसला तरी जेवण विसरायचे. म्हटलं, यांना असं काही दाखवावं की शेरा आपोआप गोड यावा. म्हणून एका रविवारी पेठ गाठलं. कशेळ्यापर्यंत बैलगाडी, पुढं आंबिवलीहून चढ. वर किल्ल्याचा सुळका आणि त्याखाली दहा-पंधरा घरांचं गाव.

आणि मिळाली की! पाणवठ्यावर चक्क वीरगळ! लढाईत पडलेल्या वीरासाठी सहा-सातशे वर्षांपूर्वी कोरलेली शिळा. खाली लढाई, मधे अप्सरा, वर महादेवाची पिंड. आणि त्या वीराच्या छातीवर ठकूबाई नावाची म्हातारी दणादण लुगडं आपटत होती.

"अगं बाई, थांब! काय करतेस हे?"

"धुनं धुतंय. दिसत नाय का?"

"हा साधा दगड नाही गं!"

"साधा कसा असंल? लई चांगला हाय. मळ लगेच सुटतो."

मी पाटलांकडे धावलो. म्हटलं, निदान पुढच्या रविवारपर्यंत तरी शिळा बाजूला ठेवा.

"आन् बायांनी धुनं कुठं आपटायचं, मास्तर? तुमच्या टोपीवर?"

आता आठवड्यात तेवढं कोरीवकाम झिजून गेलं असतं का? नाही. पण हेडमास्तरकी डोक्यात शिरली की अक्कल राहते कुठं! मला एक नामी युक्ती सुचली. किल्ल्यावरच्या भैरोबाच्या गुहेतून चिमूटभर शेंदूर आणला, तेलात कालवला आणि शिळेच्या माथ्यावर बोटभर टिळा लावला. शेंदूर लागलेल्या दगडावर धुणं आपटायची कुणाची टाप आहे? ठकूबाईनं लुगडं उचललं, मुकाट्यानं हात जोडले. मी स्वतःवर बेहद्द खूश होऊन उतरलो.

पुढच्या रविवारी साहेबांना घेऊन निघालो. साहेबांचा देह चांगला भरलेला. दर वळणाला विचारायचे, "अजून किती?" मी म्हणायचो, "हे काय, आलंच." असं बावीस वेळा झालं. वर पोचलो तेव्हा दोघांनाही बोलायचं त्राण नव्हतं.

पाणवठ्यावर पाहतो तर पानांचा मांडव! मांडवात शिळा, आणि शिळेवर पायापासून माथ्यापर्यंत बोटभर जाड शेंदूर! वीर गेला, अप्सरा गेल्या, पिंड गेली. वर दोन कवड्यांचे डोळे तेवढे माझ्याकडे बघत होते.

"वीरगळ कुठाय?" साहेबांनी धापा टाकत विचारलं.

"हीच, साहेब."

"आणि कोरीवकाम?"

"आत आहे."

मी घाबरून नखानं शेंदूर खरवडायला गेलो, तर गाव अंगावर आलं. "अवो मास्तर! तुमीच देव बसवला, आन् आता तुमीच त्याला सोलता?" पाटील ओरडले. मग साहेबांना कौतुकानं सांगू लागले, "ह्ये इकडं टिळा लावून गेलं आन् तिकडं ठकूबाईची हरवलेली म्हस घरी आली! मंग काय, घरटी शेंदूर आला. या मास्तरांचीच किरपा, साहेब. नायतर आमी येडे त्याच्यावर धुनं धूत होतो."

"देवाचं नाव काय?" साहेबांनी विचारलं.

"मास्तरबावा!"

खाली उतरल्यावर साहेबांनी शेरा लिहिला: 'इतिहास शिकवण्यापेक्षा इतिहास लिंपण्यात अधिक निपुण.' पेणची जागा दुसऱ्याला गेली.

ते कळलं त्या दिवशी घरी येऊन मी जोत्यावर अंग टाकलं आणि बायकोला म्हटलं, "संपलं सगळं. पेण नाही. आता जन्मभर इथंच." वाटलं, बिचारी रडेल. तर तिनं देवापुढं साखर ठेवली!

"अहो, पावला की हो तो!"

"कोण?"

"तुमचाच देव! तुम्ही टिळा लावून आलात ना, त्याच बुधवारी ठकूबाई हिरडे विकायला आली होती. म्हशीचं तिनंच सांगितलं. माझं माहेर इथं दोन कोसांवर, सगळी माणसं इथं. मला मेलं कशाला हवंय पेण? तिच्या हाती नारळ दिला आणि नवस बोलले, बदली टळू दे."

मला हसावं की रडावं कळेना. खरं सांगतो, त्या रात्री मी जेवलो नाही.

"बरं, टळली," मी म्हटलं. "नारळ तर पोचलाय. आता काय राहिलं?"

"तेवढ्यानं कसं होईल? दरवर्षी पायी चढून नारळ फोडायचा, असं बोललेय."

"चढशील तू एवढं?"

"मी कशाला? तुमच्या नावानं बोललेय."

तेव्हापासून दर माघात मी गुडघे धरत पेठ चढतो. तो देव नसून नुसता दगड आहे, हे त्या गावात पक्कं ठाऊक असलेला माणूस मी एकटाच. आणि न चुकता पायी येणारा त्याचा भक्तही मी एकटाच.