शेवंतीची ओळ काढली, पण...

भूतखेत, भानामती असलं कोणी सांगायला लागलं की मी उठून चुलीकडं जाणारी बाई. आता मीच सांगत बसलेय, हसू नका.

आमचं गाव किन्हवलीपासून जरा आत. भातलावणीला आमी बाया सावड करतो, म्हणजे आज सगळ्या माझ्या खाचरात, उद्या तुझ्या. मजुरी नाय, हाताला हात. पण कोण कुठं आली यावरून भांडणं व्हायची. म्हणून माझी धाकटी जाऊ शेवंती मोबाईलवर एक्सेल शिकली अन् मलाही शिकवलंन. आडव्या ओळीत बायांची नावं, कॉलमला शेतं, आली की १, खाली सम लावून बेरीज. नियम तिचाच... "ताई, जिचं शेत तिला त्या दिवशी धरायचं नाय. घरचं काम कशाला मोजायचं गो?"

चैत्रात शेवंती गेली. साधा ताप होता हो...

आषाढात आमच्या सावडीतली मथीकाकू म्हणाली, "त्या घरात बाईच नाय, तर आपली सावड फेडणार कोण? काढ तिची ओळ." वाईट नव्हती बोलत, रीतच तशी. भावोजी, शेवंतीचे मालक, ओटीवर ऐकत होते. त्यांचं आवण, म्हणजे भाताची रोपं, लावणीला आलेलं, अन् लावायला कोणी नाय. मी शेवंतीच्या ओळीवर बोट दाबून धरलं... डिलीट. पुढचं मला दिसेना.

राहिलो नऊ जणी. म्हणजे एका शेतात आठ. पहिलं शेत झालं, आठ जणींपुढं १ टाकला. बेरीज आली ९!

पुसून परत केलं. ९. शहापूरला झेरॉक्सवाल्या भाऊंना दाखवलं. ते हसले. "बेरजेची रेंज बरोबर हाय मावशी, लपलेली ओळ नाय, फिल्टर नाय..." त्यांनी नवीन शीट केली. तरी ९. मग ते हसायचे थांबले.

दुसऱ्या शेताला तेच. तिसरं मथीकाकूचं. बांधाकडची कड कायम शेवंतीची असायची. यंदा तिथं कोणी उभं राहिलं नव्हतं. संध्याकाळी बघतो तर कड लावलेली!

"तू लावलीस?" काकूनं मला विचारलं.

"मी नाय गो. मला वाटलं तुमी."

एकेकीला विचारलं. कोणीच नाय. मथीकाकू चिखलाच्या पायांनी बांधावर बसली अन् मोबाईलवरची बेरीज माझ्याकडून परत वाचून घेतलीन... ९. मग हळूच म्हणाली, "म्हणजे पोरीची सावड चढली की गो आपल्यावर..."

दुसऱ्या दिवशी आमी नऊच्या नऊ जणी शेवंतीच्या खाचरात उतरलो. भावोजी चहा घेऊन आले, पण आमच्याकडं बघवेना त्यांना. तोंड फिरवून आवणाच्या मुठी फेकत राहिले.

घरी येऊन नऊ जणींपुढं १ टाकला. बेरीज आली ९. बरोब्बर.

झेरॉक्सवाले भाऊ म्हणतात, मोबाईल सुधारला असेल. असेलही. मला एवढंच ठाऊक, त्या दिवशी शेत तिचं होतं... अन् आपल्याच शेतात ती स्वतःला कधी धरायची नाय.