आप्पांचा वन्स मोअर

आमच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले, हे मी कुणालाही न लाजता सांगते. त्या पदवीमुळेच आमच्या बुऱ्हाणपूरच्या मराठी मंडळाने मला निवेदनाला उभं केलं. कार्यक्रम होता संगीत नाटकांच्या एका जुन्या, नामांकित संगीतकाराच्या पदांचा. गाणाऱ्यांत माझे वडीलही होते.

आप्पा कागद कारखान्यात मशीनवर होते. गाणं शिकले ते भजनात बसून, आणि लहानपणी मामाच्या गावी तंबूतली नाटकं बघून. पद रंगलं की लोक वन्स मोअर ओरडायचे, आणि मरून पडलेला नटसुद्धा उठून पुन्हा गायचा, हे ते हसत सांगत. "आपल्यालाबी एकदा भेटलं पाहिजे," असंही म्हणत. तेव्हा मात्र हसत नसत.

गेल्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. बरे झाले, पण श्वास पहिल्यासारखा राहिला नाही. जिना चढताना मधेच कठडा धरून थांबतात. गाण्याचं विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बाबूजी, एक गाना, वो भी बैठ के. उसके बाद बस." आईने मला बजावलं, "माइक तुझ्या हातात राहील. एकाच्या वर जाऊ देऊ नको बाई."

संध्याकाळी हॉल भरला. शाहपूर, बहादरपूरकडचे केळीवालेसुद्धा घरच्यांना घेऊन आले होते. आप्पा खुर्चीवर बसले, पेटीवाल्याकडे पाहून मान हलवली आणि सुरू झाले. मी विंगेत उभी. दुसऱ्या कडव्यात तान अर्ध्यावर आली आणि थांबली. मी त्यांच्या गळ्याकडे बघत होते. शिरा ताणलेल्या, तोंड उघडं, आवाज नाही. मग श्वास आला आणि तान पुढे गेली. पुढच्या ओळीत पुन्हा तेच.

पहिल्या रांगेतले एक काका मांडीवर थाप मारून म्हणाले, "व्वा! क्या ठहराव है!"

तानेतला तो विसावा मुद्दाम घेतलेला समजून लोकांनी त्याच जागेवर टाळ्या वाजवल्या. पद संपलं आणि मागून आरोळी आली, "वन्स मोअर!" मग सगळीकडून. आप्पांचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. ओठ निळसर झाले होते आणि डोळे लग्नघरासारखे उजळले होते. त्यांनी तबलेवाल्याला बोटाने खूण केली. पेटीवाल्याने पट्टीवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

मी माइक घेऊन पुढे झाले आणि पुढच्या पदाची माहिती सांगायला लागले.

"ओ ताई, वन्स मोअर म्हटलं ना!"

"दीदी, अंकलजी को गाने दो!"

मी बोलत राहिले. आप्पा खुर्चीचा हात धरून उठले. कुणाचा आधार घेतला नाही.

रिक्षाने घरी आलो. ओट्यावर बसून बूट काढताना आप्पा म्हणाले, "बी.ए. झालीस म्हणून माझा श्वासबी तूच मोजशील का?"

"मोजीन," मी म्हटलं. "तुम्हाला कळत नाही तर मोजीन."

"कळत नाही?" ते म्हणाले. "सत्तरीला आलो. लोकांनी माझ्याकडं काही मागितलं ते आज. आन् नाही कोन म्हटलं, तर तू."

तरी पुन्हा तीच वेळ आली तर मी माइक हातात घेईनच. आई म्हणते, "बरोबर केलंस." पण म्हणते स्वयंपाकघरात, भांड्यांच्या आवाजात, आप्पांना ऐकू जाणार नाही असं.

कुणीतरी त्या पदाचा व्हिडिओ पाठवलाय. आप्पा तो रोज लावतात. वन्स मोअरचा गलका होईपर्यंत ऐकतात, आणि माझा आवाज सुरू व्हायच्या आत बंद करतात. परवा मला राहवलं नाही. तान थांबली तिथे मी बोट ठेवलं.

"आप्पा, नीट बघा. इथं तुमचा श्वास अडकलाय."

त्यांनी माझं बोट बाजूला केलं.

"साऱ्या हॉलला तो ठहराव वाटला," ते म्हणाले. "तुलाच तेवढा अडकलेला दिसला."

आणि व्हिडिओ पहिल्यापासून लावला.