पोचले

आमच्या माळावर शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं रोज घिरट्या घालतात. त्या घरघरीची इतकी सवय झालेली, की काल ती अचानक थांबली तेव्हाच मी वर पाहिलं. इंजिन बंद पडलेलं एक विमान आवाज न करता खाली येत होतं. हरभरा काढलेल्या रानात ते आदळत, धुरळा उडवत थांबलं.

सगळा गाव विमानाचे फोटो काढायला धावला. ते उतरवणारी मुलगी मात्र बांधावर एकटीच बसली होती. कुठे खरचटलं नव्हतं. मी पाण्याची बाटली घेऊन गेलो, तेव्हा ती फोनवर बोलत होती.

"पोचले गं आई. हो, ठीक आहे मी. आज जरा दुसरीकडे उतरले." मग फोनवर हात ठेवून तिने मला हळूच विचारलं, "काका, हे गाव कुठलं?"

कुठे पोचलो हे ठाऊक नसतानाही तिने आधी 'पोचले' म्हणून टाकलं होतं. पलीकडे कुणी कान लावून बसलेलं असलं, की तेवढं पुरत असावं.

मी नुसता तालुक्याला निघालो तरी बायको दारातून म्हणायची, "पोचलात की फोन करा." आज तालुक्याला गेलो. एसटीतून उतरल्यावर सवयीने फोन बाहेर काढला, थोडा वेळ हातात धरला आणि परत खिशात ठेवला. ती गेल्यापासून मी जातो, उतरतो, परतही येतो. पोचत मात्र नाही.