माझं एक वाक्य तिच्यापर्यंत पोचलंच नाही

मंडळी, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितोय.

मी इथे जर्मनीत एका इंडियन हॉटेलात तंदूर सांभाळतो. शहरातलं भाडं झेपत नाही म्हणून लांब खेड्यात राहतो. रात्री हॉटेल बंद होतं तेव्हा तिकडे जायला बस नसते. आता प्रदूषणामुळे माझ्या जुन्या डिझेल गाडीला शहरात बंदी आलीये. मालक म्हणतो, येता येत नसेल तर दुसरा माणूस बघतो.

अशी गाडी बदलायला शहराची पालिका पैशांची मदत देते म्हणे. आज पालिकेच्या ऑफिसात विचारायला गेलो. जर्मन बोलायला पुण्याचे सागरदादा सोबत होते. ते आयटीत आहेत, शहरातच राहतात, त्यांना ही मदत मिळालीये.

काउंटरवरची बाई म्हणाली, मदत फक्त शहरात राहणाऱ्यांना.

मी म्हटलं, "दादा, तिला सांगा ना, शहरात घर परवडलं असतं तर गाडी कशाला लागली असती?"

दादा हसले. "अरे, सांगून काय होणार? चल."

बाहेर म्हणाले, "माझी गाडी तर नुसती उभीच असते, मी घरूनच काम करतो."

रडूच आलं, खरं सांगतो.

उद्या मी एकटाच परत जाणार आहे. ते वाक्य मला कुणी जर्मनमध्ये, पण मराठी अक्षरांत लिहून द्याल का?