दक्षिणेचं दार

पनवेलच्या आमच्या फ्लॅटचं दार दक्षिणेला आहे, असं वास्तुशांतीच्या दिवशी मामेसासऱ्यांनी जाहीर केलं आणि घरातल्या सगळ्यांची सोय झाली. नवऱ्याने साहेबाशी भांडून नोकरी सोडली, तर कारण दार. मुलगी अभ्यास न करता नापास झाली, तरी कारण दारच. सासूबाईंनी आमटीत दोनदा मीठ घातलं, तेव्हा त्यांनीही वाटी खाली ठेवून आधी दाराकडे पाहिलं. मी या सगळ्यांवर चिडायचे, पण माझ्या हातून काही बिघडलं की मुकाट्याने दाराला नवी लिंबू-मिरची बांधायचे.

समोरचे शेजारी उरणला बंदरात नोकरीला होते. त्यांचं दार आमच्या बरोब्बर समोर, म्हणजे उत्तरेला, एकदम शुभ. त्यामुळे त्यांची फार कुचंबणा व्हायची. बायकोशी वाजलं तरी दोष द्यायला घरात काही नाही. शेवटी वैतागून ते मोबाईलमधलं होकायंत्र उघडून आमच्या उंबऱ्यावर उभे राहिले.

"वहिनी, तुमचं दार पूर्वेला आहे," ते म्हणाले. "आणि आमचं पश्चिमेला." तेवढ्यावरच ते खुशीत घरी गेले.

त्या संध्याकाळी आमच्याकडे दूध उतू गेलं. सवयीने सगळ्यांनी दाराकडे पाहिलं आणि मग हळूच माझ्याकडे. गॅसपाशी मीच उभी होते. हातात मोबाईल होता, आणि पूर्व नक्की तिकडेच आहे का, ते मी पुन्हा एकदा तपासत होते.